क्लोरीनची मात्रा



जुन्या घरांतून तान्ह्या मुलाला बाळगुटी देण्याची रीत होती. सहाणेवर एकेक औषधी उगाळावयाची, ती वेढे मोजून. हळकुंडाचा एखादा वेढा अधिक पडला तर घरातील वडीलधारी बाई काही बोलत नसे. परंतु जायफळ हाती आले की ती सुनेचा हात धरी. जायफळाने मूल शांत झोपते आणि तेच जायफळ अधिक झाले तर मुलाला गुंगी येते, हे तिला ठाऊक असे. मराठीत ‘मात्रा’ हा शब्द औषध या अर्थाने चालतो आणि प्रमाण या अर्थानेही चालतो. औषध आणि औषधाचे माप या दोहोंना एकच नाव देणाऱ्या लोकांनी फार मोठे शहाणपण एका शब्दात साठविले आहे. क्लोरीनयुक्त जंतुनाशकांची कथा ही एका अर्थी या शब्दाचीच कथा आहे.

ही द्रव्ये आज सर्वांच्या परिचयाची आहेत. शहरातील नळाच्या पाण्याला कधी कधी जो उग्र वास येतो तो क्लोरीनचा. पावसाळ्याच्या तोंडाशी गावच्या विहिरीत जी पांढरी भुकटी टाकली जाते ती ब्लीचिंग पावडर, म्हणजे विरंजक चूर्ण. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींतून तिला ‘टीसीएल’ या नावाने ओळखतात. रुग्णालयाची फरशी ज्याने पुसतात, शौचालयात जे ओततात, पांढऱ्या कपड्यांवरचे डाग ज्याने काढतात, ते सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण. रूपे निराळी असली तरी काम करणारे तत्त्व एकच आहे. निराळे असते ते प्रमाण.

हे प्रमाण किती निराळे असते ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन मिसळून अर्धा तास लोटल्यावर त्यात लिटरमागे किमान अर्धा मिलीग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रुग्णालयात फरशीवर रक्त सांडले असता ते पुसण्यासाठी जे द्रावण वापरतात त्यात शेकडा अर्धा टक्का क्लोरीन असावा, असेही हीच संघटना सांगते. दोन्ही ठिकाणी आकडा ‘अर्धा’ हाच. परंतु शेकडा अर्धा म्हणजे लिटरमागे पाच हजार मिलीग्रॅम. पिण्याचे पाणी आणि फरशी पुसण्याचे द्रावण यांत दहा हजार पटींचे अंतर आहे. हे अंतर ज्याला कळले त्याच्या हाती क्लोरीन जीव राखते. ज्याला ते कोणी सांगितलेच नाही त्याच्या हाती ते एकतर निरुपयोगी ठरते, नाहीतर घातक.

क्लोरीनचा शोध रोगनिवारणाच्या हेतूने लागलेला नाही. १७७४ साली कार्ल शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला एक हिरवट पिवळा, गुदमरवून टाकणारा वायू प्रथम मिळाला. हा वायू म्हणजे एक मूलद्रव्य आहे असे १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही याने प्रतिपादिले आणि त्याच्या रंगावरून त्याला ग्रीक भाषेतून नाव दिले. मधल्या काळात फ्रान्समधील बेर्तोले याला दिसून आले की, या वायूने कापडाचा रंग उडतो. त्यापूर्वी युरोपात सुती व तागाचे कापड पांढरे करण्यासाठी ते आठवडेच्या आठवडे कुरणांवर उन्हात पसरून ठेवावे लागे. १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट याने विरलेल्या चुन्यात क्लोरीन शोषून घेऊन कोरडी भुकटी तयार करण्याच्या कृतीचे एकस्व मिळविले, आणि कुरणांवरचे काम कारखान्यात आले. ‘विरंजक चूर्ण’, म्हणजे रंग घालविणारी भुकटी, या नावात तिचा हा पहिला व्यवसाय अद्याप शिल्लक आहे.

कापडावरून ही भुकटी माणसाच्या हातावर आली ती दुर्गंधीमुळे. रोगजंतूंची कल्पना तेव्हा मान्य झालेली नव्हती. घाण वासातच रोग असतो असा समज होता, आणि क्लोरीनने वास जातो हे सर्वांना माहीत होते. व्हिएन्ना येथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या विभागात सूतिकाज्वराने मरणाऱ्या बाळंतिणींची संख्या दुसऱ्या विभागाच्या कितीतरी पट असे. १८४६ मध्ये पहिल्या विभागात शंभरांतील अकराहून अधिक स्त्रिया दगावल्या. दुसऱ्या विभागात तीनहून कमी. तेथील इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरच्या ध्यानात आले की, विद्यार्थी शवविच्छेदनगृहातून थेट प्रसूतिगृहात येतात, आणि साबणाने हात धुतले तरी प्रेताचा वास त्यांच्या बोटांना राहतो. तो वास घालविण्यासाठी त्याने मे १८४७ पासून क्लोरीनच्या द्रावणाने, आणि पुढे स्वस्त पडते म्हणून विरंजक चूर्णाच्या द्रावणाने, हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये त्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा अठराच्या वर होते. जूनमध्ये ते शेकडा दोनच्या आसपास आले. १८४८ साली दोन्ही विभागांतील प्रमाण जवळजवळ सारखे, शेकडा सव्वा ते दीडच्या दरम्यान होते.

सेमेलवाइसचे कारण पुरते बरोबर नव्हते. वास हा रोग नव्हे. तथापि त्याने तीन गोष्टी अचूक केल्या. कोणाचे हात, कोणत्या क्षणी आणि कोणत्या द्रावणाने धुवावयाचे, हे त्याने ठरवून दिले, आणि फळ काय मिळाले ते महिन्यामहिन्याला मोजले. त्याच्या सहकाऱ्यांपैकी अनेकांना ही शिस्त अपमानास्पद वाटली. १८६५ मध्ये एका मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला, तेव्हाही त्याचे म्हणणे सर्वमान्य झालेले नव्हते.

पाण्यात क्लोरीन मिसळण्याची कल्पना त्यानंतर अर्ध्या शतकाने आकाराला आली. १८९७ साली इंग्लंडमधील मेडस्टन या गावी विषमज्वराची मोठी साथ आली, तेव्हा तेथील जलवाहिन्या विरंजक चूर्णाच्या द्रावणाने निर्जंतुक करण्यात आल्या. १९०५ मध्ये लिंकन शहरात अशाच साथीच्या वेळी पाण्यात क्लोरीनचे द्रावण सतत सोडण्यास प्रारंभ झाला. १९०८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत जर्सी सिटी शहराला पुरविल्या जाणाऱ्या पाण्यात डॉक्टर जॉन लील यांनी विरंजक चूर्णाचे अत्यल्प द्रावण कायमचे मिसळण्याची व्यवस्था केली. शहर आणि पाणीपुरवठा करणारी कंपनी यांच्यात तेव्हा खटला चालू होता. पाण्यात विष कालविणे योग्य आहे काय, या प्रश्नाची न्यायालयात रीतसर छाननी झाली आणि निकाल या पद्धतीच्या बाजूने लागला. पुढील काही वर्षांत शेकडो शहरांनी हा मार्ग स्वीकारला. पटकी आणि विषमज्वर हे नळाच्या पाण्यातून येणारे पाहुणे ज्या ज्या शहरांतून दिसेनासे झाले, तेथे गाळणी आणि क्लोरीन या दोघांचा त्यात मोठा वाटा आहे.

१९१५ या वर्षाने मात्र या द्रव्याच्या दोन्ही मुद्रा जगापुढे एकाच वेळी आणल्या. त्या वर्षी २२ एप्रिल रोजी बेल्जियममधील ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने दीडशे टनांहून अधिक क्लोरीन वायू वाऱ्यावर सोडला. हा वायू हवेच्या सुमारे अडीचपट जड असतो. तो जमिनीलगत सरकत गेला आणि खंदकांत उतरला. त्याच वर्षी हेन्री डेकिन हा रसायनशास्त्रज्ञ फ्रान्समध्ये आलेक्सी कारेल या शल्यविशारदासमवेत जखमी सैनिकांच्या सडत चाललेल्या जखमा धुण्यासाठी जंतुनाशक शोधत होता. त्याने निवडले ते हायपोक्लोराइटच. बाजारात मिळणाऱ्या द्रावणातील दाहक क्षाराने मांस जळते, म्हणून त्याने ती क्षारता काढून टाकली आणि द्रावणाची तीव्रता शेकडा अर्ध्याच्या आसपास काटेकोरपणे राखली. हे द्रावण नळ्यांवाटे, दर दोन तासांनी, मोजून जखमेत सोडले जाई. खंदकात ज्याने श्वास कोंडला त्याच मूलद्रव्याने रुग्णालयात हातपाय वाचविले. मधली भिंत होती ती मापाची आणि हेतूची.

हे द्रव्य काम कसे करते ते थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण त्याचे सामर्थ्य आणि त्याचा धोका ही दोन्ही एकाच मुळातून फुटतात. क्लोरीन पाण्यात विरघळला की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. या आम्लाच्या रेणूवर विद्युत्‌भार नसतो. म्हणून तो जंतूच्या आवरणातून सहज आत शिरतो आणि आतील प्रथिनांची घडी मोडून टाकतो. पाणी अधिक क्षारयुक्त असेल तर या आम्लाचे रूपांतर ऋणभारित कणांत होते. जंतूचे आवरणही ऋणभारित असल्यामुळे हे कण बाहेरच थोपविले जातात आणि जंतुनाशाचे काम अनेक पटींनी मंदावते. याच कारणास्तव क्लोरीन किती टाकले एवढे पाहून भागत नाही. पाणी कसे आहे हेही पाहावे लागते.

परंतु जंतूचे प्रथिन आणि माणसाच्या डोळ्यातील वा फुप्फुसातील प्रथिन यांत क्लोरीन काही भेद करीत नाही. त्याला शत्रू आणि मित्र ओळखता येत नाहीत. आश्चर्याची गोष्ट अशी की, मानवी शरीरही हेच शस्त्र वापरते. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात तेव्हा त्याला एका सूक्ष्म पिशवीत कोंडतात आणि त्या पिशवीत हायपोक्लोरस आम्ल तयार करून त्याचा नाश करतात. हेच आम्ल पिशवीबाहेर सांडले तर शेजारच्या निरोगी पेशींना इजा होते. अल्प प्रमाणात, बंद जागेत, नेमक्या क्षणी: निसर्गाने पाळलेला हा नियम माणसाने पाळला तर क्लोरीनपासून त्याला भय नाही.

आता गावच्या विहिरीचे उदाहरण घेऊ. ताज्या विरंजक चूर्णात शेकडा सुमारे ३३ भाग उपयोगी क्लोरीन असतो. स्वच्छ पाण्यासाठी हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम चूर्ण पुरते. म्हणजे लिटरमागे साधारण पाऊण मिलीग्रॅम क्लोरीन पडतो. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८ हजार लिटर भरते, आणि त्याला ७० ग्रॅमच्या आसपास चूर्ण लागते. हे चूर्ण तसेच मुठीने फेकावयाचे नसते. बादलीत थोड्या पाण्यात कालवून त्याची पातळ लापशी करावी, मग बादली पाऊणपर्यंत भरून पाच ते दहा मिनिटे स्थिर ठेवावी. चुना तळाशी बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्यावी आणि चुना टाकून द्यावा. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली, आडवीतिडवी हलवावी, म्हणजे द्रावण सर्वत्र मिसळते. त्यानंतर एक तास कोणीही पाणी भरू नये. यासाठी संध्याकाळचे पाणी भरून झाल्यानंतरची वेळ सर्वांत सोयीची.

पाणी गढूळ असेल तर हा हिशेब चुकतो. पाण्यातील पालापाचोळा, शेवाळ, शेणामातीचे कण हे सर्व क्लोरीनला आधी खाऊन टाकतात आणि जंतूंच्या वाट्याला काही उरत नाही. ही भूक किती आहे ते मोजण्यासाठी हॉरॉक्सची पेटी वापरतात. तीत सहा पांढरे प्याले असतात. त्या सहा प्याल्यांतील पाण्यात चूर्णाच्या द्रावणाचे चढते प्रमाण टाकावयाचे, अर्धा तास थांबावयाचे आणि मग दर्शक द्रव्याचे थेंब घालावयाचे. ज्या पहिल्या प्याल्यात स्पष्ट निळा रंग उमटेल त्याच्या क्रमांकावरून ४५५ लिटर पाण्याला पेटीतील किती चमचे चूर्ण लागेल ते कळते. एक चमचा दोन ग्रॅमचा; तिसरा प्याला निळा झाला तर तीन चमचे, म्हणजे सहा ग्रॅम. स्वच्छ पाण्याच्या हिशेबाने तेवढ्याच पाण्याला सव्वा ग्रॅमही पुरेसे ठरले असते. ज्याने पेटी न उघडता अंदाजाने टाकले, त्याने गढूळ पाण्याला वास दिला, संरक्षण दिले नाही.

शेवटी परीक्षा. तासाभराने पाण्यात मुक्त क्लोरीन उरला आहे की नाही हे पाहिल्याविना काम पुरे झाले असे म्हणता येत नाही. भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलीग्रॅम मुक्त क्लोरीन असावा, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर ०.५ मिलीग्रॅम. यासाठी दीर्घकाळ ऑर्थोटोलिडीन हे द्रव्य वापरले गेले. त्याने पाण्याला पिवळा रंग येतो. पुढे या द्रव्याविषयीच कर्करोगाचा संशय उत्पन्न झाला, म्हणून त्याच्या जागी गुलाबी रंग देणारे डीपीडी हे द्रव्य सुचविण्यात आले. मोजण्याचे साधनदेखील निर्धोक आहे काय, हे तपासत राहावे लागते, असा याचा बोध.

मापाबरोबरच साठवणही महत्त्वाची. विरंजक चूर्ण हवा, उजेड आणि ओल यांनी क्षीण होत जाते. तोंड उघडे राहिलेल्या पोत्यातील भुकटी दिसावयास पांढरी, वासाला उग्र, आणि गुणाला केवळ चुना असू शकते. अशा भुकटीचे सत्तर ग्रॅम म्हणजे सत्तर ग्रॅमचे समाधान. कागदोपत्री विहीर शुद्ध होते आणि पटकी आपल्या वाटेने येते.

क्लोरीनला मर्यादाही आहेत. १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात सुमारे चार लाख लोक अतिसाराने आजारी पडले. पाण्यात क्लोरीन होता. परंतु क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या सूक्ष्म परजीवीच्या कवचाला तो भेदू शकत नाही. त्याला अडवावयाचे ते गाळणीने, आणि गाळणीच नीट काम करीत नव्हती. क्लोरीन हा शेवटचा पहारेकरी आहे. वेशीचे दार उघडे टाकून त्याच्या एकट्याच्या भरवशावर गाव सोपविणे योग्य नव्हे.

आता अपायांकडे वळू. पहिला अपाय तत्काळ होणारा आहे आणि तो बहुधा घरातच घडतो. शौचालय स्वच्छ करण्यासाठी घरोघरी जे ॲसिड वापरतात ते आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू मोकळा होतो. ब्लीच आणि अमोनियायुक्त द्रव एकत्र आले की क्लोरामाइन नावाचे दाहक वायू निर्माण होतात. दोन औषधांनी दुप्पट स्वच्छता होईल या भाबड्या समजुतीने दार बंद करून मोरी घासणारी व्यक्ती काही क्षणांतच खोकू लागते, तिच्या डोळ्यांतून पाणी येते, छातीत कोंडल्यासारखे होते; मात्रा अधिक असेल तर फुप्फुसात पाणी उतरते. अशा वेळी काम टाकून मोकळ्या हवेत जावे, डोळे व कातडी भरपूर पाण्याने धुवावी आणि श्वासाचा त्रास राहिल्यास विनाविलंब डॉक्टरकडे जावे. पिण्याच्या पाण्याच्या जुन्या बाटलीत ब्लीच भरून ठेवणे ही दुसरी घातक सवय. तहानलेल्या मुलाला बाटली ओळखता येते, आतील द्रव ओळखता येत नाही.

साठवणीतील निष्काळजीपणाने हा अपाय घराबाहेरही पसरतो. १४ जुलै २०१० रोजी मुंबईतील शिवडीच्या हाजी बंदर परिसरात अनेक वर्षे बेवारस पडलेल्या सिलिंडरांतून क्लोरीन वायू गळला आणि शंभराहून अधिक लोकांना बाधा झाली. ज्या वस्तूला मालक उरला नाही तिला मोजणाराही उरत नाही.

दुसरा अपाय मंद आणि दीर्घकालीन आहे. १९७४ साली नेदरलँड्समधील योहानेस रोक या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, नदीच्या पाण्यातील कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेली द्रव्ये आणि क्लोरीन यांच्या संयोगाने क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडे असलेली संयुगे निर्माण होतात. मोठ्या मात्रेत क्लोरोफॉर्म दिलेल्या उंदरांना कर्करोग झाल्याचे १९७६ मध्ये निष्पन्न झाले. १९७९ मध्ये अमेरिकेने या संयुगांवर लिटरमागे १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आणि पुढे ती ८० वर आणली. अशा पाण्याचे दीर्घकाळ सेवन आणि मूत्राशयाचा कर्करोग यांत संबंध असल्याचे काही पाहणींतून सूचित झाले आहे. परंतु १९९१ मध्ये कर्करोगसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने उपलब्ध पुराव्याची छाननी केली तेव्हा क्लोरीनयुक्त पेयजल कर्करोगकारक आहे वा नाही असा निश्चित निवाडा देण्याइतका तो पुरावा तिला पुरेसा वाटला नाही.

या भयाला उत्तर काय द्यावयाचे? क्लोरीन बंद करणे हे उत्तर नव्हे. १९९१ च्या जानेवारीत पेरू देशाच्या किनाऱ्यावर पटकीची साथ उद्भवली. त्या एका वर्षात तेथे तीन लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे २,९०० दगावले. कर्करोगाच्या धास्तीने तेथे क्लोरीन टाळला गेला आणि म्हणून साथ पसरली, असे पुष्कळदा सांगितले जाते. हे विधान जसेच्या तसे स्वीकारणे योग्य होणार नाही, कारण मोडकळीस आलेली जलवाहिन्यांची व्यवस्था, अधूनमधूनच होणारा पुरवठा आणि बेकायदा जोडण्या ही कारणेही तितकीच मोठी होती. परंतु बोध स्पष्ट आहे. पटकी आठवड्याभरात नेते. दुसरा धोका, असला तरी, अनेक दशकांच्या अंतरावर उभा असतो. जागतिक आरोग्य संघटनेचेही म्हणणे असे की, उपद्रवी संयुगे कमी करण्याच्या नादात निर्जंतुकीकरणात तडजोड होता कामा नये. खरा उपाय क्लोरीनच्या आधीचा आहे: पाणी तुरटीने निवळावे, वाळूच्या थरांतून गाळावे, पालापाचोळा आधी काढून टाकावा आणि मग क्लोरीन द्यावा. मग क्लोरीन कमी लागतो आणि संयुगेही कमी होतात. जंतूंपासून रक्षण आणि कर्करोगापासून रक्षण यांत विरोध नाही. स्वच्छतेत आळस केला म्हणजेच विरोध निर्माण होतो.

तिसरा अपाय रसायनशास्त्राच्या ग्रंथात सापडणार नाही. तो समाजाच्या वर्तनात आहे. २०२० च्या मार्चअखेरीस देशभर टाळेबंदी होती आणि हजारो श्रमिक शहरे सोडून गावाकडे निघाले होते. उत्तर प्रदेशातील बरेली येथे परतलेल्या अशा श्रमिकांना, त्यांत बायकामुलेही होती, रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाचा फवारा मारण्यात आला. डोळ्यांची आग झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. आदेश बसगाड्या निर्जंतुक करण्याचा होता; अतिउत्साहात माणसांवरही फवारणी झाली, असा खुलासा प्रशासनाने केला. त्यानंतरही ठिकठिकाणी जंतुनाशक फवाऱ्यांचे बोगदे उभारले गेले. विषाणू होता घशात आणि फुप्फुसात. फवारा पडत होता सदऱ्यावर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. १८ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणसांवर अशी फवारणी कोणत्याही परिस्थितीत करू नये असे कळविले. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच सांगितले. आणि ५ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकारांना आळा घालणारे निर्देश काढण्यास केंद्र शासनाला सांगितले.

मे १८४७ मधील व्हिएन्ना आणि मार्च २०२० मधील बरेली ही चित्रे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. द्रव्य जवळपास एकच. व्हिएन्नात ज्यांच्या हातून रोग जात होता त्या सुशिक्षित डॉक्टरांना हात धुण्यास सांगितले गेले, आणि लाभ झाला गरीब बाळंतिणींना. बरेलीत ज्यांच्याकडून विचारही न घेता काही करून घेता येत होते अशा थकल्याभागल्या माणसांना जमिनीवर बसविले गेले, आणि लाभ कोणालाच झाला नाही. पहिल्या ठिकाणी मोजमाप होते, दुसऱ्या ठिकाणी भय होते. भयाला माप नसते. आणि मापाविना वापरलेले जंतुनाशक नेहमी दुबळ्याच्याच अंगावर पडते.

हाच न्याय रोजच्या कामालाही लागू आहे. रुग्णालयाची फरशी पुसणारी बाई, पाठीवर फवाऱ्याचा पंप वाहणारा सफाई कामगार, पाणीपुरवठा केंद्रात क्लोरीनचे सिलिंडर बदलणारा मदतनीस, गावात विहिरीचे पाणी राखणारा जलसुरक्षक: समाजाचे आरोग्य या चार जणांच्या ओंजळीत असते. त्यांपैकी कितीजणांना हातमोजे, मापाचा चमचा आणि द्रावण कसे करावयाचे याची त्यांच्या भाषेतील चिठ्ठी मिळते, यावर क्लोरीन औषध ठरेल की विष हे अवलंबून आहे. दवाखान्यातील द्रावण रोज ताजे व्हावे, तीव्र द्रव पाण्यात ओतताना खिडकी उघडी असावी, घाण आधी पुसून मगच जंतुनाशक लावावे, ते लावल्यावर नेमून दिलेला वेळ थांबावे आणि ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही द्रव्य मिसळू नये, एवढे पाच नियम कळावयास मोठे शिक्षण लागत नाही. ते सांगणारा मात्र कोणीतरी असावा लागतो.

सहाणेशी बसलेल्या त्या आजीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. परंतु ती स्वतः वेढे मोजत असे, आणि ज्या मुलासाठी मोजत असे ते तिच्या मांडीवर असे. एका शतकाहून अधिक काळ क्लोरीनने कोट्यवधी माणसांना पाण्याच्या मृत्यूपासून वाचविले आहे, आणि यापुढेही दीर्घकाळ त्याच्यावाचून भागणार नाही. त्या द्रव्याला दोष देण्यात अर्थ नाही आणि त्याची पूजा बांधण्यातही नाही. ते ज्याच्या हाती द्यावयाचे त्याच्या हाती माप द्यावे, आणि ज्याच्यासाठी वापरावयाचे तो मांडीवरच्या मुलाइतकाच जवळचा मानावा. मात्रा या शब्दाचे दोन्ही अर्थ मग एकाच वेळी खरे होतील.